शैवल-बहर नियंत्रण, प्रकाश-उत्प्रेरकी

प्रकाशात क्रियाशील होणाऱ्या अर्धसंवाहक पदार्थांच्या (प्रकाश-उत्प्रेरकांच्या) साहाय्याने पाण्यातील अपायकारक शैवलांची बेसुमार वाढ (बहर) आटोक्यात आणण्याची पद्धती. येथे ‘शैवल’ हा शब्द रूढ अर्थाने घेतला आहे. मायक्रोसिस्टिससारखी विषारी नील-हरित शैवले वस्तुतः जीवाणूंत (सायनोबॅक्टेरियांत) मोडतात.

पद्धतीचा उगम कोठे धरावा याविषयी एकमत नाही. आकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या विद्युत् अग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन केल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. बहुतेक आढावे तेथूनच सुरू होतात. तथापि झिंक ऑक्साइडाच्या सान्निध्यात रंगद्रव्य उन्हात फिके पडते, हे आयब्नर यांनी १९११ च्या सुमारास नोंदविले होते. टिटॅनियम डाय-ऑक्साइडामुळे रंजक विटतात, असे गुडईव्ह व किचनर यांनी १९३८ मध्ये दाखविले. सजीवांपुरता विचार केल्यास मात्सुनागा व सहकाऱ्यांचे १९८५ मधील प्रयोग आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. प्लॅटिनमयुक्त टिटॅनियम डाय-ऑक्साइडाची चाचणी त्यांनी जीवाणू व यीस्टप्रमाणेच क्लोरेला या हरित शैवलावरही घेतली. जाड कोशिकाभित्तीमुळे ते अधिक चिवट ठरले.

अ‍ॅनाटेज या टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या रूपाचे पट्टा-अंतर (बद्ध इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास लागणारी किमान ऊर्जा) सु. ३·२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. त्यामुळे सु. ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे, म्हणजे जंबुपार किरणच त्याला उद्दीपित करतात आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपासच असतो. ग्रॅफाइटसदृश कार्बन नायट्राइडाचे पट्टा-अंतर (सु. २·७) कमी असल्याने दृश्य प्रकाशाचा निळा भाग त्याला पुरतो. उद्दीपित उत्प्रेरक पाणी व ऑक्सिजन यांपासून मूलके (अतिशय क्रियाशील, अल्पजीवी रेणुखंड) तयार करतो. कोशिका मरतात त्या त्यांपैकी हायड्रॉक्सिल मूलकामुळे, असे सरसकट लिहिले जाते. कार्बन नायट्राइडाच्या संयुजा पट्ट्याची (बद्ध इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांची) स्थिती पाहता मात्र तेथे सुपरऑक्साइडाला (ऑक्सिजनापासून बनणाऱ्या मूलकाला) प्राधान्य देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. हायड्रॉक्सिल मूलक काही नॅनोसेकंदच टिकत असल्याने उत्प्रेरक कोशिकेला भिडलेला असावा लागतो. शिवाय दाट बहर स्वतःच खालच्या पाण्यावर सावली धरतो. बुडणाऱ्या भुकटीऐवजी प्रसृत पर्लाइट (तापवून फुगविलेला हलका ज्वालामुखीजन्य खडक) किंवा फेसासारख्या तरंगत्या आधारांवर उत्प्रेरक बसविण्याचा कल त्यातूनच आला. कोशिकेतील वायुपुटिकांमुळे (वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे) मायक्रोसिस्टिसही पृष्ठभागीच साचते.

कोशिका फुटल्या की आतले विष पाण्यात उतरते, हा कॉपर सल्फेटासारख्या जुन्या शैवलनाशकांचा मोठा दोष. मायक्रोसिस्टिन-एलआर हे मायक्रोसिस्टिसचे विष म्हणजे सात अ‍ॅमिनो अम्लांचे वलय असून त्यातील अ‍ॅडा या घटकाच्या संयुग्मित द्विबंधांवर मूलकांचा हल्ला होतो व विषारीपणा घटतो. पिण्याच्या पाण्यात दीर्घकाळासाठी या विषाची जागतिक आरोग्य संघटनेची तात्पुरती मार्गदर्शक मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. प्रकाश अपुरा पडला, तर कोशिका फुटूनही विष शिल्लक राहू शकते.

बहुतांश काम प्रयोगशाळेतील चंचुपात्रांपुरते आहे. नैसर्गिक पाण्यातील ह्यूमिक द्रव्ये प्रकाश शोषतात व मूलकेही खर्ची पाडतात. मूलकांना निवड नसल्याने इतर प्लवकांनाही इजा होते, तर पाण्यात सुटलेले नॅनोकण परत गोळा करणे कठीण जाते.