मका : बुरशीनाशक फवारणीची क्षेत्रचाचणी (खानदेश)

मक्यावर बुरशीनाशक फवारल्याने पानांवरील रोग आटोक्यात येतो का, आणि रोग आटोक्यात आल्यास धान्याचे उत्पादन खरोखर वाढते का, हे फवारलेल्या व न फवारलेल्या भागांची शिस्तबद्ध तुलना करून ठरविण्याची पद्धत. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे नेहमी जुळतातच असे नाही. पीक हिरवेगार दिसले म्हणजे पोती वाढली असे गृहीत धरणे, ही या विषयातील सर्वांत मोठी चूक होय. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत मका खरीप आणि रब्बी अशा दोन्ही हंगामांत घेतला जातो. त्याचे दाणे मुख्यतः कोंबडीखाद्य व स्टार्च यांसाठी विकले जातात आणि चारा घरच्या गुरांना होतो, त्यामुळे फवारणीचा खर्च निघतो की नाही हा येथे रोजच्या हिशेबाचा प्रश्न आहे.

फवारणीने रोखता येण्याजोगे रोग प्रामुख्याने पानांवरचे असतात. टर्सिकम करप्यात आधी खालच्या पानांवर राखट-हिरवे, दोन्ही टोकांना निमुळते, कित्येकदा वीतभर लांब ठिपके पडतात आणि ते एकमेकांत मिसळून पान वाळते. त्याला थंड, दमट हवा मानवते, म्हणून रब्बीतील गार रात्री व पहाटेचे दव त्याला पोषक ठरतात. मेडिस करपा त्याउलट उबदार व दमट हवेत, म्हणजे खरिपाच्या झडीत बळावतो. अमेरिकेत १९७० साली याच रोगाने मक्याचे सुमारे १५ टक्के पीक बुडाले होते, कारण तेथील बहुतेक संकरित वाणांत रोगाला बळी पडणारा एकच पेशीद्रव्य-गुणधर्म (पेशीच्या केंद्रकाबाहेरील भागातून, मादी वाणाकडून येणारा गुण) होता. यांखेरीज तांबेरा आणि पर्णकोष करपा हे रोगही पाहावे लागतात. दाणे भरताना पाण्याचा ताण पडला आणि उष्णता वाढली की येणारी कोळशी खोडकूज मात्र जमिनीतील बुरशीमुळे होते. तिच्यावर पानांवरील फवारणीचा उपयोग होत नाही, आणि तापमान ४० अंशांपलीकडे सहज जाणाऱ्या खानदेशात उशिरा पेरलेल्या रब्बी मक्यासाठी ही बाब लक्षात ठेवावी लागते.

मॅन्कोझेब पानाच्या पृष्ठभागावर राहून बीजाणू रुजण्याआधीच काम करते. प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही ट्रायझोल गटातील द्रव्ये पानात शिरून बुरशीच्या पेशीपटलासाठी लागणारे अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत, तर अझॉक्सिस्ट्रोबिनसारखी स्ट्रोबिल्युरिन गटातील द्रव्ये तिची श्वसनक्रिया थांबवितात. स्ट्रोबिल्युरिनमुळे रोग नसतानाही पाने जास्त दिवस हिरवी राहू शकतात. हा फरक बांधावरून चटकन डोळ्यांत भरतो आणि त्यावरच जाहिरातीचा भर असतो. दाणे भरण्यासाठी लागणारे अन्न मुख्यतः कणसाजवळच्या व त्यावरच्या पानांत तयार होत असल्याने तुरा बाहेर पडण्यापासून मिशा येईपर्यंतचा काळ फवारणीला सामान्यतः सर्वांत मोलाचा मानतात.

चाचणीची मांडणी हा या पद्धतीचा गाभा आहे. शेताच्या एका अर्ध्यात फवारणी करायची, दुसरा अर्धा तसाच सोडायचा आणि शेवटी पोती मोजायची, ही गावोगाव दिसणारी रीत फसवी आहे. भारी काळ्या जमिनीत उताराच्या खालच्या अंगाला पाणी साचते, वरच्या अंगाला मुरूम लागतो, पाटाच्या तोंडाशी ओल जास्त राहते, आणि असा फरक फवारणीच्या परिणामाहून सहज मोठा ठरतो. म्हणून शेताचे उताराला आडवे गट पाडतात, प्रत्येक गटात सर्व उपचार (तपासायच्या फवारण्या व औषधाविना ठेवलेला तुलनेचा वाफा) एकेकदा येतील असे वाफे आखतात आणि कोणता उपचार कोणत्या वाफ्यात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवितात. यादृच्छिक वाटपाचे हे तत्त्व इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषिसंशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी मांडले, तर भारतीय कृषिसंशोधनात सांख्यिकी पद्धती रुजविण्यात पानसे व सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. तुलनेच्या वाफ्यात तेवढेच साधे पाणी फवारावे, म्हणजे पिकात शिरल्याने होणारी मोडतोड दोन्हीकडे सारखी राहते. औषध वाऱ्याने शेजारच्या वाफ्यावर जाते, म्हणून कडेच्या ओळी मोजणीतून वगळतात. भारतात २०१८ मध्ये आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीसाठी कीटकनाशक द्यावे लागले, तर ते सर्व वाफ्यांना सारखेच द्यावे. बुरशीनाशकात मिसळून फक्त फवारलेल्या वाफ्यांना दिल्यास वाढ कशामुळे झाली हे कधीच कळणार नाही. शक्य असल्यास रोगाला बळी पडणारा व रोग सहन करणारा असे दोन वाण घ्यावेत.

रोगाची नोंद १ (रोग जवळपास नाही) ते ९ (अतितीव्र) या श्रेणीत, ठरावीक झाडांवर, काही दिवसांच्या अंतराने आणि शक्यतो कोणत्या वाफ्यात काय फवारले हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने करावी. न फवारलेल्या वाफ्यांतच रोग आला नाही, तर त्या वर्षीची चाचणी रोगनियंत्रणाबद्दल काहीच सांगत नाही. काढणीच्या वेळी ओलावा मोजणे अनिवार्य आहे, कारण जास्त दिवस हिरवे राहिलेले पीक ओलेही राहते. २२ टक्के ओलाव्याचे १०० किलो दाणे १५ टक्के ओलाव्यावर आणले तर सुमारे ९२ किलो भरतात, तर १८ टक्के ओलाव्याचे तेवढेच दाणे सुमारे ९६.५ किलो. ही दुरुस्ती न केल्यास पाण्यालाच उत्पादन समजले जाते.

निष्कर्षाची खरी अडचण आकड्यांच्या पातळीवर येते. केंद्राने २०२५-२६ साठी मक्याची आधारभूत किंमत क्विंटलला २,४०० रुपये ठरविली. औषध व मजुरी मिळून एकरी २,००० रुपये लागले असे धरले, तर खर्च निघायला सुमारे ८३ किलो जादा मका हवा. भाव १,६०० वर घसरला, तर १२५ किलो. एकरी ३० क्विंटलच्या पिकात ही वाढ अनुक्रमे तीन व चार टक्क्यांच्या आसपास आहे. पाच उपचार, चार पुनरावृत्त्या (म्हणजे चार गट) आणि १० टक्के विचरण गुणांक (सारख्याच वाफ्यांतील उत्पादनाचा सरासरीच्या तुलनेतील चढउतार) असलेली एक चाचणी मात्र साधारण १५ टक्क्यांहून लहान फरक खात्रीने पकडू शकत नाही. म्हणजे ‘फरक लक्षणीय नाही’ हे वाक्य ‘फवारणी निरुपयोगी’ असे वाचता येत नाही, आणि एका वाफ्यात निघालेले जादा दोन क्विंटल हा पुरावाही होत नाही. चाचणी-शेतांची संख्या चौपट केली की ही मर्यादा साधारण निम्म्यावर येते. त्यामुळे चोपडा, शिरपूर, शहादा, नवापूर अशा वेगवेगळ्या पाऊसमानाच्या तालुक्यांत, दोन्ही हंगामांत आणि एकाहून अधिक वर्षे एकाच आराखड्याने घेतलेल्या चाचण्यांना एकेकट्या प्रात्यक्षिकापेक्षा कितीतरी अधिक वजन द्यावे लागते.

तुऱ्यावर आलेला मका माणसाच्या उंचीहून वर जातो आणि पाठीवरच्या पंपाने फवारताना तुषार अंगावर येतात, म्हणून मुखपट्टी, चष्मा व हातमोजे हा चाचणीच्या साहित्याचाच भाग मानावा. फवारलेला मका वैरणीसाठी कापायचा असेल, तर वेष्टनावर दिलेला प्रतीक्षाकाल (फवारणी व कापणी यांत ठेवायचे दिवसांचे अंतर) उलटेपर्यंत तो गुरांना घालू नये, आणि वाफे वेगवेगळ्या दिवशी फवारले असतील तर हा काळ प्रत्येक वाफ्यासाठी स्वतंत्र मोजावा.