नेपल्स ते स्ट्रॉम्बोली बोटीने : निघायच्या आधी एवढं वाचा

स्ट्रॉम्बोली म्हणजे इटलीतलं ज्वालामुखीचं बेट, त्यामुळे बुकिंगला आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न, ज्वालामुखी फुटला तर काय? अहो तो फुटतोच, तासातून तीन-चारदा तरी, आणि हे दोन हजार वर्षांपासून चाललंय, म्हणून तर त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणतात. काळजी करायची तर बोट लागते त्या धक्क्याची करा.

रात्रीची मोठी बोट नेपल्सहून संध्याकाळी सुटते, साधारण दहा तासांनी पहाटे पोचते, पण रोज नसते, ठरावीक वारीच. उन्हाळ्यात हायड्रोफॉइल, म्हणजे पाण्यावर उचलून धावणारी वेगवान बोट असते, ती निम्म्या वेळात नेते, पण डेकवर उभं राहता येत नाही आणि समुद्र खवळला की पहिली रद्द होते ती हीच. आम्ही रात्रीचीच सुचवतो. ती पोर्ता दी मास्साच्या धक्क्यावरून सुटते, काप्रीच्या वेगवान बोटी लागतात त्या बेव्हेरेल्लोवरून नाही, टॅक्सीवाल्याला नाव नीट सांगा. केबिन घ्या, खुर्चीवर झोप लागत नाही आणि एसी एवढा की शाल लागतेच. पहाटे अंधार असतानाच डेकवर या, बोट उत्तरेकडून येते त्यामुळे निखारे घरंगळतात तो उतार, श्यारा देल फुओको, समोरच दिसतो.

आता धक्का. बेटावर स्कारीचा धक्का उघड्यावर आहे, आडोसा नाही, वारा जोरात असला की बोट तिथे न लागता सरळ पुढे लिपारी बेटाला किंवा सिसिलीतल्या मिलात्सोला जाते, तुम्हाला घेऊनच. आपली मांडव्याची लाँच पावसाळ्यात बंद असते ते कॅलेंडरवर तरी कळतं, इथे आदल्या रात्री कळतं. म्हणून परतीच्या बोटीच्या दिवशीच फ्लाइट घेऊ नका, मध्ये एक रात्र नेपल्सला ठेवाच, कोणी कितीही हट्ट केला तरी आम्ही तसं बुकिंग करत नाही.

डोंगर 924 मीटर आहे पण 2019 च्या दोन मोठ्या स्फोटांनंतर वर जायचे नियम कडक झालेत, वरच्या भागात गाइडशिवाय सोडत नाहीत आणि किती उंचीपर्यंत ते त्या दिवसांच्या परिस्थितीवर, त्यामुळे शिखराचं प्रॉमिस आम्ही देत नाही. सामान वाहायला तीनचाकी आपे मिळते, हो तीच आपली बारामतीत बनते ती, गल्ल्या तेवढ्याच रुंद आहेत. रस्त्यावर दिवे नाहीत, टॉर्च हँडबॅगेतच ठेवा.