शंकराचार्य, प्रताप शेटजी आणि अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा साने गुरुजींची आठवण ठायी ठायी निघाली. ते साहजिकच आहे. पण ज्या संस्थेमुळे गुरुजी या गावात आले, ती खानदेशातही फारशी कुणाला ठाऊक नाही.

श्रीमंत प्रताप शेटजी हे अमळनेरचे गिरणीमालक. शांकर अद्वैताची, म्हणजे ब्रह्म हेच एकमेव सत्य या शंकराचार्यांच्या मताची, ओढ असलेल्या या माणसाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढले. गिरणीवाल्याने देऊळ बांधणे, धर्मशाळा काढणे यात नवल नव्हते. शेटजींनी मात्र अभ्यासकांना बोलावून घेतले. त्यांनी इथे राहावे, शंकराचार्य वाचावेत, पाश्चात्त्य तत्त्वज्ञांशी ताडून पाहावेत, अशी त्यांची कल्पना.

साने गुरुजी त्यातलेच एक. त्यांचा जीव भाष्यांपेक्षा मुलांत अधिक रमला असावा. १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले.

मंदिराचे खरे वैभव त्याच काळातले. तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचे ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ १९३० मध्ये अमळनेरहूनच प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञानातले हे बहुधा सर्वांत अवघड पुस्तक, आणि त्यावर ठसा एका तालुक्याच्या गावाचा! पुढे काही काळ भट्टाचार्य इथे संचालकही होते.

पण संस्थेचा स्वभाव कळतो तो १९३३ च्या ‘अज्ञान’ या पुस्तकात. घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या मंदिरातल्याच तिघा अभ्यासकांनी ते लिहिले. विषय अद्वैताच्या मुळाशी असलेला: ब्रह्म जर ज्ञानस्वरूप, तर अज्ञान आले कुठून आणि राहते कुणाच्या आश्रयाने? तिघांनी आपापले भाग स्वतंत्र लिहिले आणि त्यांचे एकमत झाले नाही. आचार्यांच्या नावे उभ्या राहिलेल्या संस्थेने आचार्यांच्याच सिद्धान्तावरचा मतभेद झाकून ठेवला नाही, हे मला तिचे सर्वांत मोठे काम वाटते.

मलकानी कट्टर अद्वैती. संस्थेचे इंग्रजी त्रैमासिक ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ त्यांनीच वर्षानुवर्षे संपादित केले. साठच्या दशकात हे त्रैमासिक थांबले. १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नावाने ती परंपरा पुन्हा सुरू केली, तेव्हा विभागाच्या नावासोबत अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राचेही नाव छापले जाई.