उपनगराचा नकाशा आणि पावसाचे पाणी

शहराच्या कडेला वाढणाऱ्या वस्तीचा विकास आराखडा तयार होऊ लागला, की चर्चा रंगते ती रस्त्यांच्या रुंदीवर आणि निवासी, व्यापारी, औद्योगिक अशा विभागांवर. जमिनीचे असे विभाग पाडण्याच्या पद्धतीला अमेरिकेत भक्कम कायदेशीर आधार मिळाला तो १९२६ साली, क्लीव्हलँडलगतच्या युक्लिड या उपनगराच्या खटल्यात. कुठे काय बांधता येईल हे ठरवण्याचा स्थानिक संस्थेचा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. या विभागांतून इमारतीचा वापर कळतो, पण तिच्याखालची जमीन आजवर पावसाच्या पाण्याचे काय करत होती, हे त्यांत कुठेच उमटत नाही. माझ्या मते आराखड्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, कारण इमारतीचा वापर पुढे बदलता येतो; बुजवलेला ओढा पुन्हा मोकळा करणे मात्र फार क्वचित जमते.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर पाच लाख लिटर पाणी पडते. जमीन गवताळ असेल आणि त्यातला पाचवा हिस्सा वाहून गेला, तर ओढ्यात एक लाख लिटर पाणी येईल. त्याच जागेवर छपरे, डांबर आणि फरशी आली आणि ८० टक्के पाणी वाहून गेले, तर हा आकडा चार लाखांवर जाईल. शिवाय हे पाणी येते झपाट्याने. पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी ओढ्याच्या मुखाशी पोहोचायला किती वेळ लागतो, यावर पुराची कमाल पातळी अवलंबून असते, हे आयर्लंडचे अभियंते थॉमस मुलव्हनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच मांडले होते. बंदिस्त गटारे हाच वेळ कमी करतात. उलट पावसाळा सरला, की जमिनीत न मुरलेल्या पाण्याची उणीव भासते आणि एरवी झिरपणीवर वाहणारा ओढा लवकर आटतो.

पाणलोट क्षेत्राचा सुमारे १० टक्के भाग असा झाकला गेला, की ओढ्याची जीवसृष्टी ढासळू लागते, असा ठोकताळा १९९०च्या दशकात रूढ झाला. पुढील अभ्यासांत ही घसरण त्याहूनही आधी सुरू होत असल्याचे दिसले. एकेका प्लॉटला परवानगी देताना हे लक्षात येत नाही, कारण प्रत्येक प्लॉटची भर नगण्य असते.

यावरून घरे विरळ बांधावीत, असे कोणालाही वाटेल. समजा, एक हजार घरे १०० हेक्टरांवर पसरवली आणि त्यातली २० टक्के जमीन झाकली गेली, तर २० हेक्टर जमीन पाण्याला बंद झाली. तीच घरे २५ हेक्टरांत बसवली आणि तेथील ६० टक्के जमीन झाकली, तर हा आकडा १५ हेक्टरांवर येतो आणि ७५ हेक्टरांना हातही लागत नाही. विरळ वस्तीत प्रत्येक घरामागे रस्त्याची लांबी वाढते, हे यामागचे मोठे कारण. अर्थात, दाट वस्तीतला ओढा त्यामुळे सुरक्षित राहतो असे नाही. म्हणूनच दाटी कुठे करायची हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

त्याचे उत्तर शोधण्याची एक पद्धत इयान मॅकहार्ग या भूरचनाकाराने १९६०च्या दशकात लोकप्रिय केली. उतार, माती, पूररेषा, झाडोरा यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवायचे आणि जिथे अडचणी कमीत कमी दिसतात तिथे बांधकाम सुचवायचे. आज हेच काम संगणकावर होते. त्याला आणखी एका चाचणीची जोड द्यावी लागते: प्रत्येक जमीनमालकाने नियमात बसेल तेवढे सगळे बांधले, तर काय होईल? मंजूर चटईक्षेत्राची, म्हणजे सर्व मजले मिळून बांधता येणाऱ्या क्षेत्रफळाची, अशी बेरीज केली, की पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि नाल्यांवर शेवटी किती भार येईल हे कळते. लोकसंख्येच्या अंदाजापेक्षा मला ही बेरीज अधिक उपयोगी वाटते, कारण लहान वस्तीसाठी तो अंदाज मोठ्या फरकाने चुकू शकतो.

नकाशावर हिरवी दाखवलेली जागाही तपासून घ्यावी लागते. बांधकामाच्या काळात तिच्यावरून अवजड यंत्रे फिरली, तर मातीतील पोकळ्या दबतात आणि वर हिरवळ उगवली तरी पाणी फारसे मुरत नाही. त्यामुळे यंत्रांची ये-जा कोठून होईल आणि माती कोठे रचली जाईल, हे काम सुरू होण्यापूर्वीच परवान्याच्या अटींत लिहिलेले असावे, आणि पाणी मुरवण्यासाठी राखलेल्या जागेला पहिल्या दिवसापासून कुंपण असावे.