क्वॅक (बोगस डॉक्टरसाठीचा इंग्रजी शब्द)

क्वॅक म्हणजे त्या शास्त्राचं ज्ञान नसताना पेशंट तपासणारा, औषधं देणारा, आपल्याकडे ज्याला बोगस डॉक्टर म्हणतात तो. बऱ्याच जणांना वाटतं हा शब्द बदकाच्या ओरडण्यावरून आलाय, पण तो खरं तर क्वॅकसाल्व्हर या लांब शब्दाचा शॉर्टफॉर्म आहे. मूळ शब्द डच, क्वाकझाल्वर, दोन तुकडे जोडून झालेला, पहिल्यात बडबड करणं, फुशारकी मारणं आलं आणि दुसऱ्यात मलम, म्हणजे भर बाजारात उभं राहून स्वतःच्या मलमाचे गुण गाणारा माणूस. इंग्रजीत तो 16व्या शतकाच्या उत्तरार्धात आला आणि 17व्या शतकात मागचा भाग गळून नुसतं क्वॅक राहिलं. काही लोक त्याचा संबंध पाऱ्याच्या मलमाशी लावतात, पण फुशारकीवाला अर्थच जास्त पटतो.

पटायचं कारण म्हणजे त्याचे भाऊबंद. शार्लटन, म्हणजे भोंदू, हा शब्द इटालियन चार्लातानोवरून फ्रेंचमार्गे आला, आणि त्यात चार्लारे म्हणजे वटवट करणं हे क्रियापद आणि चेर्रेतानो म्हणजे इटलीच्या उंब्रिया भागातल्या चेर्रेतो गावचा माणूस असे दोन शब्द एकमेकांत मिसळलेत. त्या गावचे लोक गावोगाव फिरून औषधं आणि पापमुक्तीचे कागद विकायचे अशी त्यांची ख्याती होती, आणि मग अख्ख्या गावाचं नाव कायमचं बदनाम झालं, हे मला फार अन्यायाचं वाटतं. माउंटबँक पण तसाच, बाकावर चढून माल खपवणारा. म्हणजे तिन्ही शब्दांत औषध खोटं आहे असं कुठेच म्हटलेलं नाही, लोकांच्या लक्षात राहिलं ते त्यांचं बोलणं आणि गर्दी जमवणं.

नेदरलँड्समध्ये तर या भोंदूगिरीविरुद्ध 1881 पासून एक संघटना काम करतेय आणि तिच्या नावातच हा जुना डच शब्द आहे. पुढे इंग्रजीत क्वॅकला प्रॅक्टिशनर चिकटवून क्वॅक्टिशनर असाही शब्द लोकांनी बनवला.

भारतात मात्र अर्थ बराच पुढे गेला. 1996 मध्ये मुंबईतल्या एका केसमध्ये, जिथे होमिओपॅथीच्या डॉक्टरने पेशंटला ॲलोपॅथीची औषधं दिली होती आणि पेशंट दगावला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्या पॅथीचं ज्ञान नाही त्या पॅथीत प्रॅक्टिस करणारा क्वॅकच, त्यामुळे एका पॅथीचा रजिस्टर्ड डॉक्टरसुद्धा दुसऱ्या पॅथीत क्वॅक ठरू शकतो.