मांसातील जिवाणूंची जलद मोजणी

मांसाच्या नमुन्यात दर ग्रॅममागे किती जिवंत जिवाणू आहेत, याचा अंदाज काही मिनिटांत किंवा तासांत देणाऱ्या प्रयोगशाळेतील पद्धती. नेहमीच्या वसाहतमोजणीत २५ ग्रॅम मांस २२५ मिली पेप्टोनच्या पाण्यासह पिशवीत घालून यंत्राने कुटतात, दहा-दहा पटींनी पातळ करत पेट्री डिशमध्ये आगारवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) लावतात आणि साधारण ३०° से. तापमानात ७२ तासांनी उगवलेले ठिपके, म्हणजे जिवाणूंच्या वसाहती, मोजतात. तोवर नागपुरात ते मटण सावजी रश्श्यातून पोटात जाऊन तीन दिवस झालेले असतात. मे महिन्यात पारा ४५° से. गाठतो, आणि ३७° से.च्या आसपास ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो, म्हणजे तासाभरात एकाचे आठ. रस्सा उकळला की जिवाणू मरतात हे खरे. पण स्टॅफिलोकॉकस या जिवाणूने आधीच सोडलेले विष उकळूनही टिकते.

जलद पद्धती बहुधा जिवाणू मोजतच नाहीत, त्यांचा उद्योग मोजतात. सर्वांत स्वस्त रेसाझुरिनची. मांसाच्या अर्कात हा निळा रंग घालून नळी कोमट पाण्यात ठेवली की निळा जांभळा होतो, मग गुलाबी, शेवटी रंगच उडतो. जितके जिवाणू जास्त, तितकी घाई. मात्र ताज्या मांसातली स्वतःची विकरेही (एन्झाइम) हाच रंग बदलतात, त्यामुळे निकाल फसवा येऊ शकतो.

एटीपी (जिवंत पेशींत ऊर्जा वाहणारा रेणू) मोजण्याच्या पद्धतीत काजव्याचे ल्युसिफरेज विकर वापरतात : एटीपी भेटले की उजेड पडतो, तो यंत्र मोजते. काम मिनिटांचे, पण मांसपेशींतही भरपूर एटीपी असते. ते आधी नष्ट केले नाही, तर जिवाणूंऐवजी बोकडच मोजला जातो!

वाढत्या जिवाणूंमुळे द्रवाचा विजेला होणारा रोध किती बदलतो हे पाहणाऱ्या विद्युतरोध पद्धतीला काही तास लागतात. पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याची पद्धत) ठरावीक जिवाणू नेमका हुडकते, मात्र मेलेल्यांचा डीएनएही मोजते.

नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९५८) शिकवल्या जाणाऱ्या पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्यात हा विषय येतो. कोणतीही जलद पद्धत आधी त्याच प्रकारच्या मांसावर वसाहतमोजणीशी ताडून पाहावी लागते. बोकडाच्या मटणावर बसवलेला आलेख कोंबडीच्या खिम्याला चालत नाही.