सुमोविषयक सामूहिक विकिलेखन

जपानी सुमोवरचे विकिपीडियातील लेख स्वयंसेवकांनी वाटून घेऊन लिहिणे, एकमेकांचे तपासणे आणि दर स्पर्धेनंतर ताजे ठेवणे म्हणजे सुमोविषयक सामूहिक विकिलेखन. इंग्रजी विकिपीडियावर त्यासाठी स्वतंत्र विकिप्रकल्प आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मात्र या खेळाचे लेखन अजून तुटपुंजे आहे. ही नोंद मराठीतून, त्यातही नागपुरात बसून हे काम कसे करावे याची आहे. सामूहिक कोशकार्य या शहराला नवे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे मंडळ नागपुरातच स्थापन झाले. पुढे काम पुण्याला हलले आणि २३ खंड पूर्ण झाले. छापील खंडाला पुढच्या आवृत्तीपर्यंत उसंत असते. सुमोवरचा लेख दोन महिन्यांत शिळा होतो, आणि या कामाची सगळी आखणी त्याभोवतीच करावी लागते.

कामाची सुरुवात

सुमोत वर्षाला सहा मुख्य स्पर्धा (होनबाशो) होतात: जानेवारी, मे व सप्टेंबरात टोकियोला, मार्चमध्ये ओसाकाला, जुलैत नागोयाला आणि नोव्हेंबरात फुकुओकाला. प्रत्येक स्पर्धा १५ दिवस चालते आणि प्रत्येक स्पर्धेआधी क्रमवारीचा तक्ता, म्हणजे बान्झुके, नव्याने निघतो. सर्वांत वरच्या माकुउची श्रेणीत ४२ आणि तिच्या खालच्या जुऱ्यो श्रेणीत २८ मल्ल असतात. या ७० जणांचे लेख राखायचे तर वर्षाकाठी ४२० वेळा हात फिरवावा लागेल. पाच-सहा जणांच्या गटाला ते झेपत नाही. तरीही नव्या उत्साहात मल्लांवर दोन-दोन ओळींचे लेख धडाधड उघडले जातात आणि वर्षभरात त्यांतला जवळपास प्रत्येक चुकीचा होऊन बसतो.

म्हणून आधी संकल्पनांचे लेख घ्यावेत: सुमो, दोह्यो (लढतीचे मैदान), बान्झुके, योकोझुना (सर्वोच्च दर्जा), ओझेकी (त्याखालचा दर्जा), किमारिते (विजयाचे डाव), हेया (मल्ल जिथे राहतात व सराव करतात ते घर), ग्योजी (पंच). हे लेख वर्षानुवर्षे टिकतात आणि पुढच्या प्रत्येक लेखातून त्यांना दुवे देता येतात. मग योकोझुनांची यादी करावी. २०२५ मध्ये होशोऱ्यू ७४वा आणि ओनोसातो ७५वा योकोझुना झाला; म्हणजे साऱ्या इतिहासात तोवर फक्त ७५, इतक्या संथपणे ती वाढते. त्यानंतर निवृत्त मल्ल: सलग ६९ लढती जिंकणारा फुताबायामा, ३२ विजेतेपदांचा ताइहो, ४५ विजेतेपदांचा हाकुहो. त्यांचे आकडे आता बदलायचे नाहीत. खेळत असलेले मल्ल सर्वांत शेवटी, आणि जो दर दोन महिन्यांनी परत येईल त्याच्याच जबाबदारीवर. एका माणसाने चार-पाचपेक्षा जास्त घेऊ नयेत.

लेख लिहितानाच तो कमी शिळा होईल असा लिहिता येतो. ‘सध्या’, ‘आता’, ‘नुकताच’ हे शब्द प्रस्तावनेत नकोत. ‘सध्याचा योकोझुना’ याऐवजी ‘जानेवारी २०२५ मध्ये योकोझुना झाला’ लिहिले, तर तो निवृत्त झाल्यावरही वाक्य खरे राहते.

कुस्तीची भाषा

विदर्भातल्या वाचकाच्या कानात कुस्तीचे शब्द आधीच असतात. त्यांचा आधार घ्यावा, पण सरसकट नव्हे. हेयाला तालीम आणि ओयाकाताला (निवृत्तीनंतर शिकवणाऱ्या ज्येष्ठ मल्लाला) वस्ताद म्हणून पहिल्या उल्लेखात ओळख करून दिली की वाचकाला लगेच उमजते. यांत्रिक भाषांतरात मात्र हेयाचा (इंग्रजीत ‘stable’) ‘तबेला’ होतो. तो शब्द लेखभर शोधून काढावा लागतो.

दोह्योला हौदा म्हणणे चुकीचे. हौदा म्हटला की तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली खणलेली लाल माती डोळ्यांपुढे येते. दोह्यो उलट ठोकून घट्ट केलेल्या मातीचा, ३४ ते ६० सेंटिमीटर उंच ओटा असतो. त्यावर भाताच्या पेंढ्याच्या, मातीने भरलेल्या वळकट्या अर्ध्याअधिक पुरून ४.५५ मीटर व्यासाचे वर्तुळ आखतात आणि प्रत्येक स्पर्धेसाठी तो नव्याने बांधतात. हार-जीतही वेगळी आहे. कुस्तीत पाठ टेकली की चीतपट. सुमोत तळपायाखेरीज हाताचे एक बोट जरी मातीला लागले किंवा पाय वर्तुळाबाहेर पडला, तरी हार. इथे वजनी गट नाहीत. डावांनाही ढाक, कलाजंग अशी आपली नावे लावू नयेत. अधिकृत किमारिते ८२ आहेत. त्यांतला नेहमी दिसणारा योरिकिरी, म्हणजे मावाशी (कमरेचा पट्टा) धरून छातीने रेटत बाहेर काढणे, याला कुस्तीत जोडच नाही. मूळ नाव ठेवून एका वाक्यात कृती सांगावी.

नावांचा पेच

सर्वाधिक चुका नावांत होतात. मल्ल बढतीबरोबर किंवा घराण्याचा वारसा म्हणून नाव बदलतो. मे २०२४ मध्ये कोतोनोवाकाने आपल्या आजोबांचे, म्हणजे ५३व्या योकोझुनाचे, कोतोझाकुरा हे नाव घेतले. त्याचे वडीलही कोतोनोवाका याच नावाने खेळले होते. दोन नावे, तीन माणसे. अशा वेळी निःसंदिग्धीकरणाचे पान (एकाच नावाचे वेगवेगळे लेख दाखवणारे) आधी करावे आणि जुने दुवे एकेक उघडून योग्य माणसाकडे वळवावेत.

निवृत्तीनंतरची ज्येष्ठांची (ओयाकातांची) नावे याहून फसवी आहेत. ती ठरावीक १०५ असून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. मियागिनो हे नाव २०२२ पासून हाकुहोकडे होते. जून २०२५ मध्ये त्याने जपान सुमो संघटना सोडली आणि ते नाव असाहिफुजी या माजी योकोझुनाकडे आले. असाहिफुजीचे इसेगाहामा हे नाव त्याच महिन्यात तेरुनोफुजी या दुसऱ्या माजी योकोझुनाकडे गेले. त्यामुळे नुसते ‘मियागिनो’ लिहून भागत नाही. ज्येष्ठाचे नाव, मल्लाचे नाव आणि साल ही तिन्ही द्यावीत.

लेखनाचा नियम गटाने एकदाच ठरवून प्रकल्पाच्या चर्चापानावर लिहून ठेवावा. ‘होशोऱ्यू’मधला ‘ऱ्यू’ दऱ्या, सुऱ्या यांतल्यासारखा लिहावा, रफार देऊ नये; पण रफाराच्या लेखनावरून पुनर्निर्देशन (योग्य पानाकडे आपोआप नेणारा दुवा) जरूर ठेवावे, कारण शोधणारे तसेही टंकतात.

चौकटी आणि आकडे

माहितीचौकटीचा (लेखाच्या कडेच्या तक्त्याचा) साचा इंग्रजीतून आणताना तो ज्या उपसाच्यांवर आणि मोड्यूलवर (साच्यामागच्या प्रोग्रामवर) चालतो तेही आणावे लागतात. नाहीतर पानावर लाल अक्षरांत त्रुटी उमटते. हे आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) करून पाहावे. दुसरा अडथळा अंकांचा: साच्यातली बेरीज-वजाबाकी देवनागरी अंक ओळखत नाही. जिथे हिशोब होतो त्या रकान्यात इंग्रजी अंक (0-9) आणि मजकुरात देवनागरी अंक, असे ठेवावे.

विक्रमाचे रकाने भरताना पुढील चुका हमखास होतात. बरोबरी सुटण्यासाठीची जादा लढत १५ दिवसांच्या हिशोबात धरत नाहीत. किनबोशी हा मान फक्त मागाशिरा (माकुउचीतला सर्वांत खालचा) दर्जाच्या मल्लाने योकोझुनाला हरवले तरच मिळतो. मागाशिराच्या वरच्या कोमुसुबी वा सेकिवाके दर्जाला नाही, आणि प्रतिस्पर्धी गैरहजर राहिल्याने किंवा नियमभंगामुळे बाद झाल्याने मिळालेल्या विजयालाही नाही. खालच्या श्रेणीतली विजेतेपदे वरच्या श्रेणीच्या आकड्यात मिसळू नयेत. स्पर्धा संपली म्हणून दर्जा बदलत नाही: ८ विजय मिळवून काचिकोशी (पराभवांपेक्षा जास्त विजय) झाली तरी नवा दर्जा बान्झुके निघाल्यावरच लिहावा. अपवाद ओझेकी आणि योकोझुना यांच्या बढतीचा. ती स्पर्धेनंतरच्या बुधवारी जाहीर होते. होशोऱ्यूची २९ जानेवारी २०२५ ला झाली.

नागपूरचे वेळापत्रक

जपानचे घड्याळ साडेतीन तास पुढे आहे. माकुउचीच्या लढती आपल्याकडे साधारण साडेबारानंतर सुरू होऊन अडीचच्या आत संपतात, शेवटच्या रविवारी बक्षीस समारंभामुळे अर्धा तास आधी. लढत चालू असताना संपादन करू नये. दोघे-तिघे एकाच वेळी तोच रकाना बदलतात आणि संपादन-संघर्ष होतो. निकाल संघटनेच्या संकेतस्थळावर चढल्यावर संध्याकाळी बसावे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी कुणाला बोलावण्यातही अर्थ नसतो. क्रम असा ठेवावा: आधी स्पर्धेचा निकाल, मग विजेत्यांची यादी, मग मल्लाचा तक्ता, आणि शेवटी प्रस्तावना. एकाने बदल करावा, दुसऱ्याने पानाचा इतिहास उघडून आकडा पडताळावा.

इंग्रजी लेखावरून भाषांतर केले असेल तर संपादन सारांशात मूळ लेखाचे नाव द्यावे. परवान्याची ती अट आहे. संघटनेच्या किंवा वृत्तपत्रांच्या संकेतस्थळावरची छायाचित्रे चढवू नयेत, ती काढली जातात. कॉमन्सवर (विकिमीडियाच्या चित्रसंग्रहात) मुक्त परवान्याचे चित्र नसेल तर चौकट चित्राविना ठेवावी.

महाविद्यालयात कार्यशाळा घ्यायची असेल तर खाती आदल्या दिवशीच घरून उघडायला सांगावे. एका आयपी पत्त्यावरून दिवसात सहाच नवी खाती उघडता येतात. सभागृहाच्या वायफायवर सातव्या विद्यार्थ्याला नकार येतो आणि पहिला तास त्यातच जातो. ज्यांचे राहिले असेल त्यांनी मोबाइलचा डेटा वापरावा किंवा प्रचालकाला (विकिपीडियाच्या व्यवस्थापकाला) आधी चावडीवर, म्हणजे सामूहिक चर्चेच्या पानावर, कळवावे.